जुना छोटा ट्रॅक्टर: इंजिन भरायचं, बदलायचं की नवा घ्यायचा? जीएसटी कपातीनंतरचं खरं गणित

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. तेव्हापासून शोरूमचे बोर्ड बदलले, गावोगावी एक्स्चेंज मेळावे सुरू झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जुना द्या, नवा न्या’ अशा जाहिराती फिरू लागल्या. पण त्याच निर्णयात एक दुसरी ओळ होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि यादीत नावं असलेले अनेक सुटे भाग 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले. म्हणजे नवा घेणंही स्वस्त झालं आणि जुना दुरुस्त करणंही.

आपल्या भागात द्राक्ष, डाळिंब, ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतात 15 ते 25 एचपीचे छोटे ट्रॅक्टर मोठ्या संख्येनं आहेत. एका सिलेंडरचे महिंद्रा युवराज 215 किंवा स्वराज 717, तीन सिलेंडरचे मित्सुबिशी शक्ती 180 किंवा कुबोटाचे छोटे मॉडेल. दोन ओळींत शिरेल एवढीच रुंदी, त्यामुळे फवारणीचा ब्लोअर, रोटाव्हेटर, शेणखताची ट्रॉली ही सगळी कामं यांच्यावरच. यातले बरेच ट्रॅक्टर आता दहा-बारा वर्षं चाललेत. इंजिन धूर मारतंय, ऑइल खातंय, लोड आला की दम सोडतंय. अशा वेळी शेतकऱ्यापुढे तीन वाटा असतात: इंजिनचं काम काढायचं, दुसरं इंजिन बसवायचं, किंवा ट्रॅक्टरच बदलायचा.

2015-16 च्या कृषी गणनेनुसार राज्यात एका खातेदाराकडे सरासरी 1.34 हेक्टर जमीन आहे. एवढ्या जमिनीवर हा निर्णय चुकला तर पुढची पाच वर्षं हप्ते भरण्यात जातात. म्हणून तिन्ही वाटा नीट तपासू.

करकपातीचा फायदा नेमका किती?

आधी नव्या ट्रॅक्टरचं बघू. समजा करापूर्वीची किंमत साडेतीन लाख आहे. जुन्या 12 टक्के दरानं ती 3,92,000 होत होती, आता 5 टक्क्यांनी 3,67,500 होते. वाचले 24,500 रुपये. चांगली रक्कम आहे, नाही म्हणता येणार नाही.

आता कर्जाचं बघा. त्यातले 67,500 रोख भरले आणि तीन लाख कर्ज घेतलं, व्याज 10 टक्के, मुदत पाच वर्षं, हप्ता सहामाही. हप्ता येतो सुमारे 38,850 रुपये. दहा हप्त्यांत मिळून व्याजच जातं सुमारे 88,500 रुपये. करात वाचले साडेचोवीस हजार, व्याजात गेले त्याच्या साडेतीन पटीहून जास्त. तुमच्या बँकेचा किंवा फायनान्सचा दर वेगळा असेल, तर आकडा कमी-जास्त होईल. पण जीएसटी कमी झाला म्हणून कर्ज काढून ट्रॅक्टर घेणं परवडायला लागलं, असं यातून निघत नाही. रोखीनं घेणाऱ्याचं गणित वेगळं आणि कर्जानं घेणाऱ्याचं वेगळं.

दुरुस्तीचंही तसंच. समजा 5 टक्क्यांच्या यादीतले 40,000 रुपयांचे भाग लागले. आधी बिल 47,200 व्हायचं, आता 42,000 व्हायला हवं. 5,200 रुपयांचा फरक. पण इथं एक गोम आहे. सगळे भाग 5 टक्क्यांत आलेले नाहीत. मागचे टायर, ट्यूब, रिम, क्लच असेंब्ली, गिअरबॉक्स, रेडिएटर असेंब्ली, सायलेन्सर, ब्रेक असेंब्ली, हायड्रॉलिक पंप, तसंच ट्रॅक्टरसाठीचं 250 सीसीपेक्षा मोठं डिझेल इंजिन हे त्या यादीत आहेत. पिस्टन, रिंग, लायनर हे ‘इंजिनाचे भाग’ म्हणून वेगळ्या गटात मोडतात. त्यांच्यावरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला, 5 वर नाही. बेअरिंग आणि इंजिन ऑइल 18 टक्क्यांतच आहेत. म्हणजे ज्या कामाला लोक ‘फुल इंजिन’ म्हणतात, त्यातले मुख्य भाग अजूनही 18 टक्क्यांचेच आहेत, तर तयार नवं इंजिन मात्र 5 टक्क्यांत येतं. शेतकऱ्याला हा कर परत मिळत नाही, तो खिशातूनच जातो. त्यामुळे पक्कं बिल मागा आणि कोणत्या वस्तूवर किती टक्के लावलेत ते वाचा. 5 टक्क्यांच्या भागावर कुणी 18 लावत असेल तर ते तिथंच विचारा.

पहिली वाट: इंजिन भरणं

धूर मारतोय म्हणजे इंजिन गेलं, असं लगेच समजू नका. मिस्त्रीकडे नेण्याआधी धुराचा रंग बघा. काळा धूर येत असेल तर बहुतेक वेळा एअर क्लीनर चोंदलेला असतो, नोझल नीट फवारत नसतं किंवा पंपातून डिझेल जास्त जात असतं. हे काम तुलनेनं स्वस्तातलं आहे. निळसर धूर आणि ऑइल कमी होत जाणं म्हणजे रिंग-लायनर किंवा व्हॉल्व्हच्या बाजूनं ऑइल जळतंय. सकाळी थंडीत सुरू करताना थोडा पांढरा धूर चालतो. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केट किंवा हेड तपासायला हवं.

ऑइल टाकायचं झाकण काढून इंजिन चालू ठेवा. तिथून धक्क्याधक्क्यानं वाफ-धूर येत असेल तर सिलेंडरमधला दाब खाली सुटतोय. यानंतर कॉम्प्रेशन गेज लावून मोजायला सांगा, आणि नोझल टेस्टरवर नोझल तपासून घ्या. या दोन तपासण्यांना फार खर्च येत नाही. पण बऱ्याच ठिकाणी त्या न करताच इंजिन उघडलं जातं. एकदा उघडलं की मग ‘आता उघडलंच आहे तर सगळंच टाका’ असं होतं आणि बिल वाढत जातं.

हाफ काम म्हणजे साधारणपणे रिंग, बिग एंड बेअरिंग, गॅस्केट सेट आणि व्हॉल्व्ह लॅपिंग. फुल काम म्हणजे लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, अंडरसाइज बेअरिंग, हेडचे गाइड-सीट, ऑइल पंप आणि पंप-नोझल कॅलिब्रेशन. लायनर मायक्रोमीटर-बोअर गेजनं मोजून झिजलेला निघाला, तर फक्त रिंग टाकून उपयोग होत नाही, काही महिन्यांत पुन्हा तोच धूर सुरू होतो. उलट लायनर मापात असेल तर फुल काम करणं म्हणजे पैसे वाया. हा निर्णय मोजमापावर घ्यायचा असतो. मिस्त्रीला सरळ विचारा, ‘मोजलं का? किती आलं?’

काम झाल्यावर लगेच रोटाव्हेटर लावून पूर्ण लोड देऊ नका. सुरुवातीला हलकं काम द्या, मग ऑइल-फिल्टर बदला, हेडचे बोल्ट कंपनीनं सांगितल्याप्रमाणे पुन्हा टाइट करून घ्या आणि टॅपेट सेट करा. चांगलं भरलेलं इंजिन पहिल्याच आठवड्यात बिघडतं, ते बऱ्याचदा इथंच.

दुसरी वाट: दुसरं इंजिन बसवणं

‘पंपाचं इंजिन पडूनच आहे, तेच ट्रॅक्टरला बसवू’ ही कल्पना पारावर बऱ्याचदा निघते. ऐकायला सोपी वाटते, पण तीन ठिकाणी अडते.

पहिलं, बहुतेक ट्रॅक्टरला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एकमेकांना बोल्टनं जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा असतो. पुढचा एक्सल इंजिनालाच टेकलेला असतो. पंपाचं इंजिन जागेवर उभं राहून चालण्यासाठी बनवलेलं असतं, ओढण्याचा आणि पिळण्याचा ताण घेण्यासाठी नाही. अँगल वेल्ड करून बसवलं तर बांधावरून उतरताना तो जोड तडकू शकतो.

दुसरं, वेग. पंपाची बरीच डिझेल इंजिनं 1500 आरपीएमवर चालण्यासाठी असतात. समजा तुमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ इंजिन 2300 वर असताना 540 फेरे देतो. तिथं 1500 चं इंजिन बसवलं तर पीटीओ साधारण 352 वरच येईल. ब्लोअरचा पंखा 540 साठी बनवलेला आहे. 352 वर हवा कमी पडणार, औषध पानाच्या मागच्या बाजूला पोहोचणार नाही, आणि डाऊनी तर पानाच्या खालच्या बाजूलाच बसतो. ट्रॅक्टर चालू राहील, पण बाग जाईल. शिवाय प्रत्येक गिअरमध्ये चालण्याचा वेगही एक-तृतीयांशाहून जास्त कमी होईल.

तिसरं, जोडणी. फ्लायव्हीलचं माप, क्लच शाफ्टचे स्प्लाइन, फिरण्याची दिशा, हायड्रॉलिक पंप कुठून चालतो, रेडिएटरची क्षमता, पुढच्या बाजूचं वजन हे सगळं जुळावं लागतं. लेथवाला अडॅप्टर प्लेट बनवून देईलही. पण ती मध्यभागी तंतोतंत बसली नाही तर क्लच आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग सारखं जात राहील.

म्हणून इंजिन बदलायचंच असेल तर त्याच मेकचं, त्याच मॉडेलचं बदलावं. नवं मिळालं तर उत्तम. जुनं घ्यायचं तर ज्या ट्रॅक्टरचं आहे त्याच्या आरसीची प्रत आणि विक्रीची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या दारात येतील.

आरटीओची नोंद विसरू नका

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत फेरबदल करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. इंजिन बदललं गेलं असेल तर 14 दिवसांच्या आत आरसीसह कळवून नोंद करून घ्यावी लागते. ट्रॅक्टरवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स करणाऱ्याची लेखी संमतीही हवी. इंधनाचा प्रकार बदलायचा असेल तर मंजूर किट आणि परवानगी याशिवाय पुढे जाऊ नका.

शेतातच तर चालवायचा आहे, मग नोंद कशाला, असं अनेकांना वाटतं. पण शेणखत आणायला किंवा माल बाजार समितीत न्यायला ट्रॅक्टर रस्त्यावर येतोच. आरसीवर एक इंजिन नंबर आणि गाडीत दुसरा, अशा अवस्थेत अपघात झाला तर विम्याचा दावा अडकण्याची दाट शक्यता असते. पुढे विकतानाही अडचण येते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘15 वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात’ असे मेसेज फिरतात. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांनंतर नोंदणी रद्द होण्याचा जो नियम आला, तो सरकारी मालकीच्या वाहनांसाठी आहे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. या भीतीपोटी चालता ट्रॅक्टर कवडीमोल भावात देऊ नका.

सीएनजी आणि बॅटरीचं काय?

12 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते दिल्लीत डिझेलवरून सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर सादर झाला. वर्षाला इंधनात लाखभर रुपये वाचतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. मोठ्या आणि रोज चालणाऱ्या ट्रॅक्टरसाठी ते गणित बसूही शकेल. पण आपला छोटा ट्रॅक्टर वर्षाला 300 तास चालतो असं धरा, तासाला दोन लिटर डिझेल आणि 90 रुपये दर धरा. वर्षाचा डिझेलचा खर्चच 54,000 होतो. जो खर्च मुळात लाखाचा नाही, त्यात लाख वाचणार कुठून? वर सीएनजी भरायला ट्रॅक्टर पंपापर्यंत न्यायचा, तोही रस्त्यानं.

बॅटरीचे नवे ट्रॅक्टर बाजारात आहेत, सोनालिकानं डिसेंबर 2020 मध्ये टायगर इलेक्ट्रिक आणला होता. पण जुन्या छोट्या ट्रॅक्टरला बॅटरी-मोटर बसवायची तर बॅटरीचाच खर्च दुरुस्तीच्या कितीतरी पुढे जातो. आज तरी आपल्या तालुक्यांतल्या शेतकऱ्यानं यासाठी थांबून राहण्यात अर्थ नाही.

अनुदान फक्त नव्याला

महाडीबीटीवरच्या कृषी यांत्रिकीकरण योजनांत ट्रॅक्टरसाठी अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना 50 टक्के, कमाल सव्वा लाख रुपये, तर इतरांना 40 टक्के, कमाल एक लाख रुपये अनुदान आहे. फार्मर आयडी लागतो. पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करायची आणि आधी पैसे स्वतः उभे करायचे, अनुदान नंतर खात्यात येतं. एकदा लाभ घेतला की त्याच घटकासाठी दहा वर्षं पुन्हा अर्ज चालत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची वेगळी मिनी ट्रॅक्टर योजना आहे. तिथं साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के, म्हणजे कमाल 3.15 लाख अनुदान मिळतं.

ज्यांना हे अनुदान खरोखर मिळतंय, त्यांचं वरचं गणित बदलतं. सव्वा लाख वजा झाले तर नवा घेण्याकडे कल जाणं स्वाभाविक आहे. अशांनी आधी अर्ज करावा, पूर्वसंमतीची वाट बघावी आणि तोवर जुन्याचं फक्त गरजेपुरतं काम करावं.

पण धोरणाचा प्रश्न इथंच आहे. नवा घेणाऱ्याला लाखाचं अनुदान आणि चालता ट्रॅक्टर आणखी सात-आठ वर्षं टिकवू पाहणाऱ्याला शून्य. ज्याच्याकडे आधी भरायला पैसा आहे तो नवा घेतो. ज्याच्याकडे नाही तो जुन्यावर भागवतो आणि त्यालाच पिस्टनवर 18 टक्के कर भरावा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तेव्हा त्यात शेती अवजारं हे एक क्षेत्र होतं. म्हणजे दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. गावातल्या मिस्त्रीपर्यंत मात्र सर्व्हिस मॅन्युअल अजून पोहोचलेलं नाही. तो मापं अंदाजानं धरतो, कारण कागद त्याच्याकडे नाही.

आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर आणि मेकॅनिक डिझेल असे अभ्यासक्रम आहेत. कृषी विभाग आणि आयटीआय यांनी मिळून पावसाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्रेशन आणि नोझल तपासणीची दोन दिवसांची शिबिरं घेतली तरी हजारो रुपयांची फुकट कामं टळतील. यासाठी मोठा निधी लागत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि ग्रामपंचायतींनी ही मागणी लेखी करायला हवी.

दुरुस्तीला पैसा कुठून?

सावकाराकडे जाण्याआधी किसान क्रेडिट कार्डाचा कागद काढा. रिझर्व्ह बँकेच्या केसीसी नियमांत कर्जमर्यादा ठरवताना पिकाच्या खर्चावर आणखी 20 टक्के रक्कम शेतीच्या साधनांची दुरुस्ती आणि देखभाल यासाठी धरली जाते. पीककर्ज दोन लाख असेल तर हे 40,000 होतात. ही रक्कम तुमच्या मर्यादेत धरली आहे का, ते शाखेत विचारा. अनेकांना ही तरतूदच ठाऊक नसते, त्यामुळे विचारलं जात नाही.

मग ठरवायचं कसं?

गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक आणि पुढचा एक्सल शाबूत आहे, भाग मिळतात, आणि इंजिनचा पूर्ण खर्च ट्रॅक्टरच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आत आहे, तर इंजिन भरणंच फायद्याचं. समजा 60,000 खर्च झाला आणि पाच वर्षं निघाली, तर वर्षाला 12,000 पडले. वरच्या उदाहरणात नव्याचे हप्तेच वर्षाला 77,700 होतात. नव्याला वॉरंटी आहे, पाच वर्षांनी त्याची विक्रीची किंमतही जास्त येईल. तासाला अर्धा लिटर डिझेल वाचलं तरी 300 तासांचे 13,500 धरा. हे सगळं वजा करूनही छोट्या क्षेत्रावर जुन्याचं पारडं जड राहतं.

उलट इंजिनबरोबर गिअरबॉक्सही आवाज करतोय, लिफ्ट बसते आहे, टायर संपलेत, भाग मिळायला महिना लागतोय, किंवा तुम्ही भाड्यानं दुसऱ्यांची फवारणी करता आणि वर्षाला 700-800 तास चालवता, तर जुन्यात पैसे घालू नका. तिथं बंद पडलेल्या एका दिवसाची किंमत मोठी असते.

शेवटचं, वेळ. द्राक्षवाल्यांनी हे काम जून ते ऑगस्टमध्ये उरकावं. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवेत दिवसाआड फवारणी लागते, तेव्हा ट्रॅक्टर आठ दिवस गॅरेजला राहिला तर इंजिनच्या बिलापेक्षा मोठा फटका बागेला बसतो. घाईत केलेलं काम महाग पडतं आणि घाईत घेतलेला नवा ट्रॅक्टर त्याहून महाग. तुमच्या ट्रॅक्टरची तपासणी या आठवड्यात करून घ्या, दोन मिस्त्र्यांकडून भागवार लेखी अंदाज घ्या आणि मगच एक्स्चेंज मेळाव्याच्या मांडवात पाय ठेवा.